मोडाचं पीठ

पातळ पेज पाजणाऱ्या आईला बैठकीत कुणी अडाणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. पातळ पेजेमागे अडाणीपणा नसतो, अनुभव असतो. तापातून उठलेलं, जुलाबाने गळून गेलेलं, तोंड आलेलं दहा महिन्यांचं पोर घट्ट घास जिभेने बाहेर ढकलतं. जबरदस्तीने भरवलं तर ओकतं. मग आई टोपात आणखी एक तांब्या पाणी ओतते, पेज पातळ होते, पोर ती गटागटा पितं आणि शांत झोपतं. डोळ्यांसमोर जे घडलं त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे. याचं पोट नाजूक आहे, याला पातळच सोसतं.

घोटाळा होतो तो हिशेबात, आणि तो हिशेब तिला कुणी करून दाखवलेला नसतो. शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ शिजवलं तर पिता येईल अशी पेज होते. त्यात उष्मांक असतात सोळा-सतरा. नऊ ते अकरा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० उष्मांक लागतात. म्हणजे या पेजेचे पावणेदोन लिटर. आणि बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती? वजनाच्या दर किलोला साधारण तीस मिलिलिटर. सहा किलोचं बाळ असेल तर एक वाटी, फार तर थोडी वर. अशा दहा वाट्या त्याला रोज पाजायच्या आणि मधल्या वेळात आईने आवणीला, म्हणजे भातलावणीला, जायचं, पाणी भरायचं, सरपण आणायचं. होत नाही. पोट तुडुंब, पोर उपाशी, आणि आईला वाटतं की याने तर पोटभर खाल्लंय.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. सुरुवात केली तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर झाला. उधवा, कवाडा, उपलाट, झरी, इकडे सायवन, गंजाड, धुंदलवाडी असे माझे बीट बदलत गेले. वजनकाटे बदलले, आलेख बदलले, दंड मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी आली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल दाखवू लागली की पोर तीव्र कुपोषित. कागदावर सगळं नीट कळू लागलं. पण घरी गेल्यावर त्या लाल पट्टीच्या पोराला नेमकं काय आणि कसं भरवायचं, यावर आम्हा सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, ‘घट्ट भरवा’. घट्ट भरवलं की पोर ओकायचं. आईचा अनुभव आमच्या सल्ल्यापेक्षा जिवंत असायचा.

घट्टपणाचं मूळ पिठाच्या स्वभावात आहे. तांदूळ असो, नागली असो, वरई असो, त्यातला मोठा भाग स्टार्चचा. कच्चं पीठ पाण्यात कालवलं तर ते तळाशी बसतं. तापवलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि टोपातलं सगळं पाणी धरून ठेवतात. शंभर मिलिलिटरला वीस ग्रॅम पीठ घातलं तर पेज राहतच नाही, गोळा होतो. उष्मांक मात्र त्यात पासष्टच्या आसपास. बाळाची दिवसाची गरज अडीच-तीन वाट्यांत भागेल, पण तो गोळा गिळणार कोण?

आपल्या शरीरात हा गोळा सोडवायची सोय आहे. लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं आणि घट्ट पदार्थ सुटा, पातळ होतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या स्वादुपिंडातून हे एन्झाइम फारच थोडं येतं. ती उणीव काही अंशी आईच्या दुधातून भरून निघते, कारण आईच्या दुधातही अमायलेज असतं. पेज द्यायची वेळ आली तरी अंगावरचं दूध तोडू नका, हे आम्ही सांगायचो त्याला हेही एक कारण होतं, जरी तेव्हा आमच्यापैकी फार कमी जणींना ते ठाऊक होतं. पुढे पोर कुपोषणाच्या खड्ड्यात गेलं की स्वादुपिंड पुन्हा मंदावतं, आतड्याच्या आतल्या बाजूची लव झडते. ज्याला सगळ्यांत जास्त अन्न हवं त्याचीच पचवायची ताकद सगळ्यांत कमी.

गावातल्या डोश्यांना, म्हणजे म्हाताऱ्या बायकांना, यातलं अर्धं शास्त्र माहीत होतं असं माझं मत आहे. पाड्यावर आजी भाकरीचा घास स्वतः चावून, मऊ करून नातवाच्या तोंडात घालायची. आमच्या नर्सबाई हे पाहून कानांना हात लावायच्या, आणि तोंडातले जंतू बाळाकडे जातात हे खरंच आहे. पण त्या आजीच्या लाळेत अमायलेज भरपूर होतं आणि नातवाच्या पोटाचं निम्मं काम ती तोंडात करून देत होती. वाटीतल्या पेजेत उष्टा चमचा पुन्हा पुन्हा बुडवला की उरलेली पेज पाणी सोडते, हेही प्रत्येक आईने पाहिलेलं असतं. तेही लाळेचंच काम. प्रश्न एवढाच होता की हे काम उष्ट्याशिवाय, स्वच्छपणे, टोपातच कसं करून घ्यायचं.

ते करून घेता येतं हे मला कळलं ते एका प्रशिक्षणात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास या आहारशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी १९८०च्या दशकात मोड आलेल्या धान्याच्या पिठावर बरंच काम केलं. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत देसिकाचार आणि मल्लेशी नागलीला मोड आणण्याच्या पद्धतीवर काम करत होते. टांझानियात त्याच सुमाराला अशा पिठाला ‘किमेया’ म्हणत आणि मुलांच्या लापशीत चिमूटभर घालायला शिकवत. १९८७मध्ये नैरोबीत या विषयावर एक मोठी कार्यशाळा झाली. धान्याला मोड येतो तेव्हा कोंभाला खाऊ घालण्यासाठी दाणा स्वतःच अमायलेज तयार करतो. तो मोड वाळवून, दळून ठेवला की अमायलेज त्या पिठात टिकून राहतं. घट्ट शिजवलेल्या पेजेत एक छोटा चमचा पीठ घालायचं आणि ढवळायचं. पाणी घालायचं नाही. पेज आपोआप पातळ होते. पेजेच्या मानाने बघितलं तर ते पीठ इतकं थोडं लागतं की त्याला अन्न म्हणण्यापेक्षा विरजण म्हणावं.

आमच्या भागाला हे फारच सोयीचं होतं, कारण मोडाच्या कामाला नागली उत्तम. तिच्यात मोडाबरोबर अमायलेज चांगलं तयार होतं, कोंभ बारीक असतात, दाणा वर्षानुवर्षं किडत नाही, आणि डोंगराकडच्या घरांत कणगीत थोडी का होईना ती असतेच. ज्वारी मात्र यासाठी घेऊ नये. तिच्या कोवळ्या कोंभांत सायनाइड सुटणारं द्रव्य असतं. आमच्याकडे ज्वारी खातात कमी, त्यामुळे ती अडचण आली नाही, पण घाटावरच्या मैत्रिणींना मी हे आवर्जून सांगते.

कृती सांगायला सोपी आहे. नागली निवडून, खडे काढून, तीन-चार पाण्यांत धुवायची आणि रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाणी काढून टाकायचं, स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधायची आणि पाटीत झाकून ठेवायची. मधूनमधून पाण्याचा हबका. आमच्या दमट उन्हाळ्यात एका दिवसात पांढरे ठिपके दिसतात, दीड-दोन दिवसांत केसाएवढे मोड. मग चटईवर पातळ पसरून वाळवायची. कडकडीत वाळली की तळहातांमध्ये चोळायची, मोड आणि मुळं गळतात, ती सुपाने पाखडून टाकायची. तव्यावर नुसतं कोमट करायचं, दमटपणा जाईल इतकंच, आणि दळायचं.

या ‘नुसतं कोमट’वर माझी आणि सेविकांची जितकी भांडणं झाली तितकी मानधनावरूनही झाली नसतील. मराठी बाईला पीठ म्हटलं की खमंग भाजलेलं पीठ हवं. वास सुटला नाही तर तिचा जीव शांत होत नाही. मी पाठ वळवली की मदतनीस गॅस मोठा करायची आणि नागली चांगली तांबूस करून ठेवायची. चव छान, वास छान, एन्झाइम मेलेलं. असं पीठ पेजेत घातलं तर पेज आणखी घट्ट होते, पातळ होत नाही. घरोघरी करतात त्या नाचणी सत्त्वाचीही तीच कथा. भिजवून, वाटून, गाळून, खाली बसलेला साका वाळवायचा आणि वरचं पाणी फेकायचं. पण अमायलेज पाण्यात विरघळतं, म्हणजे त्या फेकलेल्या पाण्याबरोबर बरंचसं मोरीत जातं, आणि चोथ्याबरोबर नागलीचा तंतुमय भाग. उरतो तो पांढराशुभ्र स्टार्च. आजाऱ्याला हलका वाटतो हे खरं, पण पेज पातळ करायला त्याचा काही उपयोग नाही.

शिजवण्यातही एक मेख आहे. मोडाचं पीठ उकळत्या पेजेत टाकलं तर ते तिथेच मरतं, पार गार पेजेत टाकलं तर काम फार हळू करतं. साठ ते सत्तर अंश सेल्सिअस हा त्याचा आवडता पट्टा. पाड्यावर थर्मामीटर कुठला? टोप चुलीवरून उतरवायचा, वाफेचा लोट बसेपर्यंत थांबायचं, तोवर हात धुवायचे, मुलाला मांडीवर घ्यायचं, मग चमचाभर पीठ घालून ढवळायचं. काही मिनिटांत पेज चमच्यावरून धार धरून पडायला लागते. मग टोप पुन्हा चुलीवर ठेवून एक उकळी काढायची. ही उकळी चुकवायची नाही. कच्च्या मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, आणि आधीच नाजूक असलेल्या पोटाला त्यांची भेट नको. शेवटी चमचाभर तेल आणि दाण्याचं कूट. चमचाभर तेलाने पंचेचाळीस उष्मांक वाढतात आणि पेज आणखी सुटी होते.

उपलाटच्या बाजूच्या एका पाड्यावर हे सगळं मी रंगवून सांगत होते तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक डोशी म्हणाली, “आधी घट्ट करायचं नि मग पातळ करायचं? मग आधीच पातळ का नाय करत, बाय?” सगळ्या बायका हसल्या. प्रश्न मात्र अगदी बिनतोड होता आणि व्याख्यानाने त्याचं उत्तर देता येणार नव्हतं. मी तिलाच दोन टोप मांडायला लावले. दोन्हींत सारखंच पाणी. एकात तिच्या हाताने एक मूठ पीठ, दुसऱ्यात चार मुठी. दुसऱ्या टोपात चमचा उभा राहिला. त्यात मोडाचं पीठ गेलं, ती स्वतः ढवळत बसली, आणि दोन्ही टोप सारखेच पातळ झाले. तिने दोन्हींत डोकावून पाहिलं, दुसऱ्यातली पेज चाखली. मोडाच्या पेजेला साखर न घालता गोडसर चव येते, कारण स्टार्च तुटून काही भागाची माल्टोज साखर झालेली असते. मग ती सुनेला एवढंच म्हणाली की चार मुठी याच्यात हायत. माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे वाक्य पुढे जास्त फिरलं.

हे असं चुलीवर दाखवण्याचं वळण या भागाला नवं नाही. बोर्डीत १९४५मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं जिथे चरतात तिथे शाळा. मी कोसबाडला प्रशिक्षणाला जायचे तेव्हा हे ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे की बरंय, इतिहास आहे. पेजेच्या कामात त्याचा अर्थ उमगला. अंगणवाडीच्या गॅसवर, अंगणवाडीच्या स्टीलच्या पातेल्यात केलेलं प्रात्यक्षिक बाई बघते, मान हलवते आणि घरी जाऊन पाणीच ओतते. तिच्याच टोपात, तिच्या तीन दगडांच्या चुलीवर, तिच्याच ओल्या सरपणावर झालं तर तिला खरं वाटतं. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी, हळदपाडा भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि लोक घरात झोपायला घाबरू लागले. त्या थंडीत उघड्यावर, तंबूंत संसार होते, मुलं सर्दी-जुलाबाने बेजार होती. त्या दिवसांत चूल सगळ्यांच्या समोर असायची. एकीची पेज पातळ झालेली दुसरी बघायची. सांगायला लागलंच नाही.

खरी अडचण ऋतूची. मोड वाळवायला कोरडं ऊन लागतं आणि गरज पडते श्रावण-भाद्रपदात. तेव्हा घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आया आवणी-बेणणीच्या चिखलात, जुलाबाची साथ जोरात, आणि पाऊस असा की फडक्यातली नागली वाळायच्या आधी तिला बुरशी. बुरशीचं पीठ पोराला देण्यापेक्षा पातळ पेज बरी. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं लागतं. पण मेपर्यंत निम्मा पाडा बाहेर. दिवाळी झाली की वीटभट्टीवर, रेतीवर, वसई-भिवंडीला बांधकामावर, काही डहाणू-झाईच्या बोटींवर. माणसं परत येतात ती लग्नसराईला आणि पावसाच्या तोंडाला. तेवढ्या सापटीत सेविकेने नागली भिजत घालायची, वाळवायची, डबे भरायचे. काही सेविकांनी ते मनापासून केलं. बरण्यांत भरलेलं पीठ कोरडं राहिलं तर काही महिने चांगलं काम देतं. भट्टीवर जाणाऱ्या एका जोडप्याबरोबर आम्ही औषधाच्या रिकाम्या बाटलीतून ते दिलं होतं, कारण तिथे अंगणवाडी नाही आणि पेजेला पाणी मात्र भरपूर.

दळणाचीही गंमत. गिरणीवाला एक-दोन किलोचं दळण घेत नाही, घेतलं तर आधीच्या मिरचीवर घेतो. त्यामुळे ज्या घरांत जातं शिल्लक होतं त्या घरांचा भाव वाढला. सुना जात्याला हात लावायला तयार नसायच्या, सासवा लावायच्या, आणि एरवी पेजेच्या प्रश्नावर एकमेकींकडे पाठ करणाऱ्या त्या दोघी निदान पीठ पडेपर्यंत एका ठिकाणी बसायच्या.

दुधाबद्दल लोक हमखास विचारतात. दापचरीचा दुग्धप्रकल्प आमच्याच भागात, पण वारली घरांत दूध पिण्याची रीत फारशी नव्हती, दूध वासराचं. मुलांना दूध द्या असा आग्रह धरणारे कार्यकर्ते यायचे. जुलाबातून उठलेल्या मुलाच्या आतड्याची लव झडलेली असते आणि दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम नेमकं त्या लवेच्या टोकाला असतं. अशा मुलाला पेलाभर दूध दिलं की पोट फुगतं, जुलाब वाढतात, आणि घरचे म्हणतात की बघा, दूध मानवलं नाही. काही आठवड्यांत लव परत येते. तोवर दही चालतं. विरजणातले जिवाणू दुधातली थोडी साखर आधीच संपवतात आणि उरलेली पचवायला लागणारं एन्झाइम स्वतःबरोबर घेऊन येतात. मोडाच्या पेजेत दोन चमचे ताजं दही कालवलं की ती जवळजवळ आंबीलच होते, आणि आंबील तर इथल्या घराची. नाव ओळखीचं असलं की खायला कुणी घाबरत नाही.

हे सगळं घरी सांभाळता येईल अशा मुलांचं. पायाला सूज, ताप, सुस्ती, भूकच मेलेली, अशा मुलाला मोडाच्या पिठाच्या भरवशावर घरी ठेवायचं नाही. त्याला दवाखान्यात न्यायचं. तिथे पहिल्या टप्प्यात शंभर मिलिलिटरला ७५ उष्मांक असलेलं खास दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी देतात. त्या आकड्याशेजारी आपल्या पातळ पेजेचे सतरा लिहून मी सेविकांना दाखवायचे. ते बघितल्यावर ‘घट्ट’ या आमच्या जुन्या घोषणेचा अर्थ त्यांना पहिल्यांदा कळायचा.

आठवडी बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून आणखी एक गोष्ट घरात यायची, भुकेचं सिरप. मूल खात नाही म्हणून बाप मजुरीतून बाटली विकत घेतो. बाटलीवर लिहिलेलं असतं फंगल डायस्टेज, पेप्सिन. डायस्टेज म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमांचंच नाव. ते बुरशीपासून काढायची युक्ती जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४च्या सुमाराला अमेरिकेत पेटंट केली. मोठ्या माणसांसाठी पपईतलं पपेन आणि कोळसा घातलेल्या काळ्या गोळ्या मिळतात, त्यातही तेच. मी त्यांना भोंदूगिरी म्हणणार नाही. पण जंतांनी किंवा तापाने भूक गेलेल्या पोराला त्या बाटलीने भूक लागत नाही, आणि पोटात सतरा उष्मांकांचं पाणीच असेल तर बाटलीतलं एन्झाइम तोडणार तरी काय? ज्यांचं स्वादुपिंडच निकामी आहे अशांना डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, तो सर्वस्वी वेगळा आजार. आमच्या पोरांच्या बाबतीत त्या बाटलीच्या पैशांत नागली आणि तेल आलं असतं, हे मी बापांना तोंडावर सांगायचे. काही ऐकायचे. काहींना बाटली दिल्याचं समाधान हवं असायचं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पपईवरून आठवलं. आमच्याकडे म्हाताऱ्या कोंबड्याचं कालवण करायचं तर कच्च्या पपईचा तुकडा टाकायची रीत आहेच. दात गेलेल्या सासऱ्यासाठी एक सून मटणाला पपईचा कीस चोळून तासभर ठेवायची. पपेन मांसाचे धागे सैल करतं, शिजताना मंद आचेवर आणखी काम करतं आणि खळखळून उकळी फुटली की संपतं. पण हे लहान मुलाला नको. कच्च्या पपईच्या चिकाने तोंड सोलवटतं. बाळाला पिकलेलं केळं किंवा चांगला पिकलेला चिकू कुस्करून द्यावा. घोलवडचा चिकू २०१६मध्ये भौगोलिक मानांकन घेऊन बसला, पण ते फळ स्वतःच पिकताना आमचं काम करून ठेवतं: तुरटपणा घालवतं आणि स्टार्चची साखर करतं. केळ्यातही तेच. २०१५मध्ये अमृत आहार योजना आली आणि पुढे मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळू लागलं, तेव्हा हिरवी केळी आली की मी सेविकांना ती पिकेपर्यंत वाटू द्यायचे नाही. कागदावर वाटपाची तारीख चुकायची, त्यावरून मला बोलणीही खावी लागली.

आता मोडाचं पीठ कुठे आहे? काही पाड्यांत आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. कारण मला तरी स्पष्ट दिसतं. तयार आहाराचं पाकीट विकत घेता येतं, त्याचं टेंडर निघतं, पावती होते, वाटपाचा आकडा भरता येतो. मोड विकत घेता येत नाहीत. ते आणावे लागतात, आणि बाईच्या वेळेला कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही. २०२१पासून सेविकांच्या हातात पोषण ट्रॅकर आला. त्यात उंची, वजन, घरभेट सगळं भरतात. मुलाची पेज कशी होती ते त्यात भरता येत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा आमच्याकडे नागलीची बिस्किटं, नागलीचे केक, नागलीचे मोमो अशा पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सगळ्या पाककृती चविष्ट होत्या. भिजवून, मोड काढून, वाळवून कुणी काही आणलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बक्षीस मिळण्यासारखं ते दिसतही नाही. राखाडी-तांबूस पीठ, डब्याच्या तळाशी.

तलासरीची एक मुलगी, माझ्या एका सेविकेची भाची, उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिचं बाळ सव्वा वर्षाचं, सारखं पोट बिघडणारं. मध्यंतरी तिने फोन करून विचारलं, “ताई, तुमचं ते पीठ पाकिटात नाही का मिळत? मला मोड आणायला वेळ कुठे?” तिचं काही चुकलं नव्हतं. शिफ्टवरून घरी यायला तिला रात्र होते. वापीच्या दुकानात तिला मोड आलेल्या नागलीचं पीठ म्हणून एक डबा मिळाला होता. वर मोडाचं चित्र, किंमत नागलीच्या कितीतरी पट. मी म्हटलं, घे, पण आधी परीक्षा घे. साध्या पिठाची चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज कर, उतरव, वाफ बसू दे, डब्यातलं पीठ एक चमचा घाल, ढवळ आणि दहा मिनिटांनी मला दाखव. कारखान्यात ते पीठ किती तापवलं असेल, डब्यावर लिहिलेलं नसतं.

रात्री तिने व्हिडिओ पाठवला. चमचा उभाच होता. खाली तिने लिहिलं होतं, दुकानदार डबा परत घेत नाही, रविवारी आत्याकडे येते, नागली भिजवून ठेवायला सांगा. मी आत्याला फोन केला आणि शनिवारी नाही, शुक्रवारीच भिजवायला सांगितलं, कारण वळीव कधी येईल त्याचा नेम नव्हता.